अडकित्त्याचा राजा आणि मंडळाच्या पेटीतली चाळ

दंडार मंडळाचे अध्यक्ष, सचिव आणि रोज संध्याकाळी पारावर बसणारे सगळे काकाजी-मामाजी यांना,

रामराम.

शंकरपटाच्या रात्री शाळेच्या पोरांचं नाटक मंडळाच्या स्टेजवर करू द्या, हे मागायला मी परवाच्या बैठकीत आले होते. मला जेमतेम चार वाक्यं बोलायला मिळाली. पाचव्याला चहा आला आणि विषय शंकरपटाच्या वर्गणीवर गेला, तो गेलाच. म्हणून हे पत्र. गावात सगळ्यांनी वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून उघडच लिहिते. बाहेरच्या कुणी वाचलं तर त्यांच्यासाठी: शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि दंडार म्हणजे गाणी, नाच आणि सोंगांचं रात्रभर चालणारं आपलं लोकनाट्य.

तुमचा निरोप मला असा पोचला: "बाईले सांगा, पटाच्या रातचा स्टेज मंडळाचा होय. तिथं इंग्रजायचा नाताळ चालनार नाही." निरोप आणणाऱ्या पोट्ट्याला हसू आवरत नव्हतं, त्यामुळे त्यात मीठमसाला किती तुमचा आणि किती त्याचा हे मला ठाऊक नाही. पण इंग्रजांचा मुद्दा आधी मोकळा करते. या नाटकात इंग्रजांचं काही नाही. मूळ नाताळची गोष्ट हॉफमन नावाच्या जर्मन माणसाने १८१६ साली लिहिली. ती फ्रान्सच्या द्युमाने आपल्या पद्धतीने पुन्हा सांगितली. त्यावरून रशियात नाच बसला आणि त्याला संगीत दिलं चायकोव्हस्कीने. तीन देशांचं पाणी लागून झालेली वस्तू आहे ही. चौथं पाणी वैनगंगेचं लागलं तर ती बाटणार नाही.

आता हे खूळ शिरलं कसं ते ऐका. नोव्हेंबरात धानकापणी जोरात होती, वर्गात अर्धीच पोरं. त्यांना शाळेच्या टीव्हीवर मी 'नटक्रॅकर' नावाच्या बॅलेचा तुकडा दाखवला. बॅले म्हणजे तोंडाने एक शब्द न बोलता नाचून सांगितलेलं नाटक. वाटलं होतं, दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होईल. पण जबड्यात अक्रोड धरून फोडणारा लाकडी बाहुला रात्री जिवंत होतो आणि उंदरांच्या राजाशी लढतो हे पाहून सहावीतली एक पोरगी उभीच राहिली. "बाई, हा त सरोता होय!"

दुसऱ्या दिवशी ती आजीचा पितळी अडकित्ता फडक्यात बांधून घेऊन आली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असला असेल: घोड्यावर बसलेला स्वार, घोड्याच्या पोटाखाली धार, मागच्या पायांच्या दोन दांड्या. खिळा सैल झालेला, त्यामुळे दांड्या दाबल्या की घोडा मान हलवल्यासारखा दिसतो. बाकावरून बाकावर तो फिरला आणि प्रत्येकाने त्याला उघडमीट करून काहीतरी बोलायला लावलं. एकाने तर पाटलाच्या आवाजात कर्जाचा हप्ता मागितला. नाटक त्या दिवशी ठरलं. मी नंतर फक्त वही काढली.

आमची गोष्ट अशी. चुरणा, म्हणजे धानाची मळणी, चालू आहे, अर्धे पुंजणे, कापलेल्या धानाचे ढीग, अजून खळ्यावर उभे आहेत. घरी मामाजी येतात आणि पिशवीतून अडकित्ता काढून भाचीच्या हातात देतात. मोठा भाऊ हट्टाने त्यात दगडासारखी सुपारी घालतो, खिळा निखळतो. पोरगी रडत नाही, डोक्याची रिबीन सोडून अडकित्ता बांधते. रात्री बापासोबत खळ्यावर राखणीला झोपते. मध्यरात्री धानात घुशी शिरतात आणि पुंजणं वाढायला लागतं.

या वाढणाऱ्या पुंजण्यावर थोडं थांबते, कारण तुमच्यातले दोघं जण त्याला हसले होते. मूळ नाचात नाताळचं झाड वाढतं. न्यूयॉर्कला जॉर्ज बॅलन्शीनने १९५४ साली हा बॅले बसवला, तेव्हापासून तिथलं झाड स्टेजवर १२ फुटांचं ४१ फूट होतं. झाड वाढतं म्हणजे खरं तर पोरगी लहान होते, आणि घूस तिच्याएवढी होते. लहानपणी खळ्यावर झोपलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. अंधारात पुंजणं घरापेक्षा मोठं दिसतं आणि तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, जरा खसखसलं की ती घूस बोक्याएवढी वाटते. आमचं पुंजणं बांबूच्या कामट्यांचं आहे, वरून तणस बांधलेली, आत दोरी आणि पडक्या विहिरीवरून काढून आणलेली कप्पी. सात फुटांचं सोळा फूट होतं. म्हणजे, व्हायला पाहिजे. पहिल्या तालमीत तिसऱ्या हिसक्याला कप्पी अडकली आणि सगळी तणस घुशींच्या राजावर आली. राजा आतून ओरडत होता की मी मेलो नाही, लढाई चालू ठेवा.

हॉफमनच्या गोष्टीत उंदरांच्या राजाला सात डोकी आहेत. आमच्या राजाला पुठ्ठ्याचे सात मुखवटे आहेत, ते सात पोरं मिळून धरतात. पोरांना घुशीऐवजी हत्ती पाहिजे होता. २०२१ च्या ऑक्टोबरपासून गडचिरोलीत रानहत्ती फिरून राहिले आहेत, धानाचं काय होतं ते पोरांनी ऐकलंय, काहींनी पाहिलंय. दोन दिवस वाद चालला. शेवटी पाचवीतल्या एकाने विचारलं, हत्ती आला तर अडकित्ता त्याचं काय करेल? हत्ती बाद झाला.

पहिला अंक बर्फाच्या नाचाने संपतो. बर्फ आपल्याकडे कुठून आणायचा? आम्ही उपणणी घेतली. सुपातून धान सोडायचं आणि वाऱ्यावर फोलपटं उडतील ती बर्फासारखी. टेबलपंखा आडवा ठेवून, पिवळ्या बल्बच्या उजेडात करून पाहिलं. मी पोरांना बॅलेचा जो तुकडा दाखवला त्यातल्या कागदी बर्फापेक्षा आमची फोलपटं बरी दिसतात. हे मी शाळेची बाई म्हणून सांगत नाही, लाइटवाल्या पोट्ट्याने स्वतः येऊन सांगितलं. चायकोव्हस्कीने या नाचाच्या संगीतात मुलांचा आवाज घातला आहे, नुसता आकार, एकही शब्द नाही. तो भाग आमच्या पोरी गातात. सूर दोन ठिकाणी घसरतो. पेटीवाले काकाजी एक संध्याकाळ बसले तर सरळ होईल, हे मी इथेच सांगून ठेवते.

तुम्ही म्हणाल, जुन्या चीजेची अशी मोडतोड का करायची? तर या बॅलेचं नशीबच मोडतोडीतून उघडलं. १८९२ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात तो पहिल्यांदा झाला, त्याच रात्री एक ऑपेराही होता. लोकांना फार काही आवडला नाही. टीकाकारांची तक्रार काय होती माहीत आहे? स्टेजवर पोरंच पोरं आहेत आणि मुख्य नाचणारी अगदी शेवटी येते. पुढच्याच वर्षी चायकोव्हस्की गेला, आपल्या या कामाचं पुढे काय झालं हे त्याने पाहिलंच नाही. अमेरिकेत तो पूर्ण लांबीने पहिल्यांदा झाला १९४४ साली, सॅन फ्रान्सिस्कोत, आणि मग तिकडे दर डिसेंबरचा रिवाजच पडला. आज तिथल्या कितीतरी कंपन्या या एका नाचाच्या तिकिटांवर उरलेलं वर्ष ढकलतात. आपल्या झाडीपट्टीतल्या वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळी ते होळीत वर्षाचं कमावतात, तसंच ते.

आणि प्रत्येकाने तो आपल्या अंगाने बदलला. १९९६ साली डोनाल्ड बर्डने तो न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या कुटुंबात नेला, ड्यूक एलिंग्टनच्या जॅझवर. मार्क मॉरिसने १९९१ मध्ये बर्फाच्या नाचात बायका आणि पुरुष एकाच घागऱ्यात उतरवले. साडी नेसून स्टेजवर जाणारे पुरुष तुम्हाला नवे नाहीत, तेव्हा त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मला सगळ्यात जवळचा वाटला तो शिकागोचा. ख्रिस्तोफर व्हीलडनने २०१६ मध्ये श्रीमंताची हवेली काढून टाकली आणि गोष्ट नेली १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामावर, बाहेरून आलेल्या मजुरांच्या झोपड्यांत. नाताळचा बडेजाव जाऊन एक गरीब मायलेक उरली. नाटक तरीही तेच राहिलं.

लांब कशाला जायचं, आपला शंकरपटच बघा. २०१४ साली बंदी आली तेव्हा पारावर सगळे म्हणत होते, आता पट संपला. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली ती अटींवर. बैलाला तुतारी, म्हणजे अणकुचीदार काठी, टोचायची नाही, चाबूक नाही. तुम्हीच त्या अटी माइकवरून वाचून दाखवता, वर्षानुवर्षं तुतारी वापरलेले हात खिशात घालून उभे राहता, आणि पट भरतोच. अजून तरी कुणी म्हटलं नाही की हा खरा पट नव्हे.

आता खऱ्या भांडणाकडे येते. नाताळ हे निमित्त आहे. निरोपाच्या मागे जे होतं ते मला बैठकीनंतर विहिरीवर कळलं. सातवीतल्या पोरी पायात घुंगरांची चाळ बांधून पटाच्या रात्री स्टेजवर उभ्या राहणार, हे काही जणांना नको आहे. "शाळेच्या गॅदरिंगात नाचल्या त चालते, पटाले बाहेरगावचे लोक येतात." असं म्हणणाऱ्यांना मी वाईट माणसं समजत नाही. गेल्या काही वर्षांत पटाच्या रात्री 'हंगामा' या नावाखाली जे नाच आणले गेले आणि पुढच्या रांगेतून ज्या शिट्ट्या आल्या, त्या मीही ऐकल्या आहेत. पोरींच्या आयांनीही ऐकल्या आहेत. पण शिट्टीवाल्याला बसवून ठेवायचं आणि पोरीला घरी पाठवायचं, हा न्याय कुठला? पुढच्या चार रांगा शाळेच्या पोरांच्या आणि आयांच्या ठेवा. शिट्टी आपोआप मागे जाते आणि मागे गेली की तिचा दम निघतो. हे मी दोन गॅदरिंगांत करून पाहिलंय.

माझे वडील तुमच्या मंडळात बाईचं पात्र करायचे, हे तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. भाऊबीज झाली की ते मिशी काढायचे. घरात सकाळी वडील दिसायचे आणि संध्याकाळी कुणीतरी ओळखीचंच पण वेगळं. आईची हिरवी साडी मंडळाच्या पेटीत जायची ती होळीलाच परत यायची, कडेला पावडर लागलेली. मी बैलबंडीत, आईच्या मांडीवर घोंगडी पांघरून अख्खी दंडार पाहायची. त्यांच्या सगळ्या चाली मला पाठ होत्या, पाय कुठे ठेवतात, मान कधी वळवतात. नऊ वर्षांची असताना एकदा दुपारी मी त्यांची चाळ काढून पायात बांधली आणि अंगणात फिरून पाहिलं. ते आले, खाली बसले, एकही शब्द न बोलता चाळ सोडली. रागावले नाहीत. गाठ मी चुकीची बांधली होती, ती त्यांना सुटेना, म्हणून बराच वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही दोघंही गप्प.

बाईचं पात्र पुरुषाने करायचं हा रिवाज त्या काळाला धरून होता. माझ्या वडिलांनी त्याचं सोनं केलं आणि मला त्याची लाज नाही. ते पात्र आजही कुणी मनापासून करत असेल तर करावं. त्याच्या शेजारी पोरगीही उभी राहू शकते, एवढंच म्हणणं आहे. मूळ बॅलेत दुसऱ्या अंकात पोरगी सिंहासनावर बसून इतरांचे नाच बघत राहते, आणि नव्याने बसवणाऱ्या बऱ्याच जणांना नेमकं हेच खटकलं. कुणी तिला नाचायला लावलं, कुणी तिच्या हातात तलवार दिली. आमची पोरगी लढाईत घुशीच्या राजावर सूप फेकते. सात डोक्यांपैकी तीन त्यात जातात.

दुसऱ्या अंकाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बैठकीत बोलायला मला जमलं नसतं. त्या अंकात मिठाईच्या राज्यात एकेका देशाचे नाच येतात. चहा म्हणून चीनचा नाच असायचा: वर बोट करून टुणटुण उड्या मारणारे, खाली झुकणाऱ्या मिशा लावलेले नाचे. शंभर वर्षं लोक हसले. मग चिनी वंशाच्या प्रेक्षकांनी आणि कलाकारांनी विचारलं, हे आम्ही आहोत का? २०१७ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेने त्या नाचातल्या तसल्या खुणा काढल्या. संगीत तेच ठेवलं, नाचही ठेवला.

आपल्या दंडारीत गोंडाचं एक सोंग येतं. मोडकं बोलतं, मोहाची पिऊन झोकांड्या खातं, त्याला सगळे हसतात. गेल्या वर्षी त्या वेळी मी शाळेतल्या पोरांसोबत बसले होते. माझ्या शेजारची गोंडाची पोरगी आधी थोडं हसली, कारण सगळे हसत होते. मग तिने चपलेच्या पट्ट्याशी खेळायला सुरुवात केली आणि सोंग आत जाईपर्यंत मान वर केली नाही. सोंग करणारे मामाजी मनाने चांगले आहेत. त्या पोरीच्या बापासोबत एकाच बांधीवर त्यांनी रोवणी केली आहे. म्हणूनच सांगते, ते सोंग यंदा पेटीत ठेवा. आमच्या नाटकात तिने आणि तिच्या बहिणीने रेला हा गोंडांचा नाच घेतला आहे. मिठाई म्हणून नाही, पाहुण्या म्हणून. शिकवायला त्यांची आजी येते. मला त्यातलं काही बदलता येत नाही, आजी बदलू देत नाही.

बाकी मिठाईचं राज्य म्हणजे आपल्या मंडईच्या जत्रेचा बाजार. जिलेबी आहे, मुरमुऱ्याचे लाडू आहेत, गरम कढईत फुटणारे मुरमुरे म्हणून पहिली-दुसरीची पोरं उड्या मारतात, त्यांना तालमीची गरजच नाही. तिळगुळाची राणी आहे. तिच्या नाचासाठी चायकोव्हस्कीने सेलेस्टा नावाचं वाद्य वापरलं होतं, छोट्या घंट्या किणकिणाव्यात असा आवाज. ते त्याला पॅरिसमध्ये सापडलं आणि त्याने प्रकाशकाला बजावलं होतं की ते गुपचूप मागवा, दुसऱ्या संगीतकारांना सुगावा लागू देऊ नका. ते गुपित आता मंडळाच्या कीबोर्डमध्ये आहे, आवाजांच्या यादीत नाव शोधलं की मिळतं. इतकी वर्षं तो कीबोर्ड तुम्ही बासरीवर लावून ठेवला आहे.

पोरांना मी विचारलं होतं, मिठाईच्या राज्यात आणखी काय असावं, चिठ्ठीवर लिहा. बहुतेकांनी मोबाइल लिहिला. एकाने लिहिलं, 'तिथे आई मिरची तोडून परत आलेली आहे.' त्याची आई दरवर्षी तेलंगणात जाते, यंदाही जाईल. ती चिठ्ठी नाटकात कशी घ्यायची हे मला अजून सुचलेलं नाही. पण त्यामुळे तारीख मात्र पक्की झाली. मिरचीच्या गाड्या निघाल्या की अर्ध्या पोरांच्या आया गावात नसतात. त्याआधी सगळं गाव एका जागी येतं ती एकच रात्र, पटाची. शाळेचं गॅदरिंग तुम्ही फेब्रुवारीत घ्या म्हणता, ते यासाठी चालत नाही.

आमचं नाटक सव्वा तासाचं आहे. शहरात नाटक दहाला संपलं की लोक घरी जातात. आपल्याकडे दहाला संपवून चालत नाही, जंगलाच्या वाटेने अंधारात कोण परत जाणार? वाघाचं माहीत आहेच. रात्रभराची दंडार पहाटे संपते ती यासाठीही सोयीची, माणसं उजेडात घरी पोचतात. तेव्हा तुमची रात्र मी मागत नाही. आठ ते सव्वानऊ आम्हाला द्या, मग गण म्हणा आणि पहाटेपर्यंत तुमची दंडार चालू द्या. लहान पोरं तोवर झोपतील, मोठी बघत राहतील. कदाचित त्यातलीच दोन-चार पुढच्या वर्षी तुमच्याकडे शिकायला येतील. गेल्या वर्षी मंडळात सगळ्यात तरुण माणूस पंचेचाळीसचा होता, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. २०२३ मध्ये झाडीपट्टी नाटकांतल्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही पारावर पेढे वाटले. त्या पेढ्यांना हात पुढे करणाऱ्यांत शाळकरी पोरं किती होती ते आठवा.

खर्चाचं म्हणाल तर बांबू, सुतळी आणि पुठ्ठा मिळून दोन हजारांच्या आत भागलं आहे, तणस फुकट. वर्गणीतला एक रुपया नको. ढोलकीवाले काकाजी मात्र हवेत. लढाईला रेकॉर्ड लावली तर पोरांचे पाय पडत नाहीत, ढोलकी लागली की पडतात. हा बॅले बसवताना पेटिपा नावाच्या उस्तादाने चायकोव्हस्कीला आधीच लिहून दिलं होतं, कुठल्या प्रसंगाला किती मात्रा हव्यात. तसा कागद मी काकाजींसाठी तयार केला आहे. त्यांना कागद लागत नाही हे मला माहीत आहे, तरी केला आहे.

तालीम शनिवारी संध्याकाळी पाचला, शाळेच्या पटांगणात. ज्यांना विरोध आहे त्यांनी आधी यावं. खुर्च्या आहेत, चहा माझ्याकडे.

आणखी एक. मंडळाच्या लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली, माझ्या वडिलांची चाळ असेल. त्यांनी काम सोडलं तेव्हा ती मंडळालाच दिली होती, त्यामुळे मी मागून घेते आहे, हक्काने नेत नाही. सातवीतल्या पोरीच्या पायाला मोठी होईल. पट्टा नवा लावून, दोन भोकं पाडून घेईन. गाठ कशी बांधायची ते मला आता येतं.

आपली,
शाळेतली बाई